खूण कुठं होती?

५ नोव्हेंबर, रविवार

मावशी,

दर रविवारी कप्तानानं कोचला पत्र लिहायचं हा नियम तूच केला होतास. 'तोंडानं सगळ्याच पळतात, कागदावर पळून दाखवा' म्हणायचीस. तू आमचं कॉलेज सोडलंस, पण नियम सोडायला मला कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि ठेवून देतेस. मीही काही कमी नाही, हल्ली मी तो उचलतच नाही. कागदाला निदान 'हं' म्हणता येत नाही.

तर यंदाचा हंगाम. महिला संघाची तयारी उत्तम चालू आहे. तू गेलीस म्हणून आमचं घोडं कुठंही अडलेलं नाही, हे आधी सांगून टाकते.

तुझ्या जागी सर आलेत. माणूस देवासारखा, पण सगळा जन्म व्हॉलीबॉलमध्ये गेलेला. पहिल्या दिवशी रिलेचं बॅटन हातात घेऊन 'ही काठी हलकी आहे हो' म्हणाले. सकाळी ते आम्हाला शिकवतात, संध्याकाळी आम्ही त्यांना शिकवतो. साहित्याच्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी शोधून काढली, जी तू जाताना कुठं ठेवलीस ते देव जाणे. खोली आहे तशीच आहे. उंच उडीच्या गादीचा फाटलेला कोपरा अजून फाटलेला, मलमाचा वास अजून तोच.

गोळाफेकीचं पदक आपलंच धर. पैलवान आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि दंड असे झालेत की सर तिच्याशी अदबीनं बोलतात. उंच उडीवाली प्रेमात पडली आहे, त्यामुळे ती सध्या जमिनीवर नसतेच. आमच्या दृष्टीनं हे चांगलंच. थाळीफेकीला कुणी नाही. पैलवान म्हणते, वेळ मिळाला तर थाळीपण टाकून येईन.

राहता राहिली रिले. मला बॅटन देणारी आपली चष्मा शिकून बाहेर पडली आणि नोकरीला लागली. तिच्या जागी तिसऱ्या टप्प्याला पहिल्या वर्षाची एक पोरगी घेतली आहे. अंगात नुसते पायच पाय, म्हणून पैलवाननं तिचं नाव नाकतोडा ठेवलं. बरी पळते. शेवटचा टप्पा माझा आहे, होता आणि राहील. हे माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. अंतिम स्पर्धेत फीत माझ्या छातीनं तुटायला हवी, आणि ती तुटताना तू बघायला हवंस, एवढंच मला यंदा पाहिजे आहे.

तुझी नवी टीम कशी आहे हे मी विचारत नाही. पेपरात फोटो बघितला. त्या उंच मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेस. माझ्या खांद्यावर तू जन्मात हात ठेवला नाहीस, कायम शिट्टीच्या टोकानं टोचायचीस.

आपली विश्वासू,
कप्तान, महिला संघ


१२ नोव्हेंबर, रविवार

मावशी,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

त्या नाकतोड्याबद्दल लिहायचं आहे. मुलगी गोड आहे. इतकी गोड की दात दुखतात. मला 'ताई' म्हणते. मी मैदानावर आले की माझी पिशवी घ्यायला धावते, पाण्याची बाटली भरून आणते, मी ओरडले तर 'हो ताई' म्हणते. अशा माणसाशी भांडायचं कसं? मी प्रयत्न करून बघितला, जमत नाही.

काल वॉर्मअपच्या आधी ती माझ्याशेजारी बसून बूट घालत होती. डावा बूट आधी. नाडीची गाठ मधे नाही, बाजूला. आणि उरलेली टोकं आत खोचलेली. मावशी, जगात असे बूट दोनच माणसं बांधतात, तू आणि मी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून तू मला ते शिकवलंस तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं गं तुला?"

"सुट्टीतल्या शिबिरात एका बाईंनी," म्हणाली, आणि खाली मान घालून दुसरा बूट बांधायला लागली. कान लाल झाले होते.

शिबिरं काय, छप्पन्न असतात. बाया काय, छप्पन्न असतात. मी विषय सोडून दिला.

आता रिलेचं. सरांना मी खुणेची भानगड समजावून सांगितली, तुलाही ऐकवते, बरोबर सांगितलं का बघ. बॅटन घेणारीनं आपल्या मागं लेनमध्ये चिकटपट्टीची खूण लावायची. आणणारीचा पाय त्या खुणेवर पडला रे पडला की घेणारीनं मागं न बघता जीव खाऊन सुटायचं. आणणारी जितकी वेगवान तितकी खूण मागं. जवळ लावली तर घेणारी उशिरा सुटते, आणणारी तिच्या टाचांवर येऊन आदळते, आणि सगळा वेग मातीत जातो. खूण लावायची घेणारीनं, तिथं दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नाही. सरांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग ती मुलगी रोज तुमच्या टाचांवर का येते?"

बघ, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, "नवीन आहे सर, तिला अंदाज नाही."

पैलवान शेजारी केळं सोलत होती. म्हणाली, "कप्तान, पट्टी मागं घे की. ही काय चष्मा आहे का? ही चष्म्याच्या पुढं आहे. आणि खरं सांगू का, तुझ्यापण..." पुढचं तिनं केळ्याबरोबर गिळलं.

पट्टी मी हलवली नाही. चष्म्याच्या वेळी जिथं होती तिथंच आहे. नव्यानं येणाऱ्यानं जुन्याप्रमाणं वागावं, जुन्यानं नव्यासाठी सरकावं असं कुठं लिहिलंय?

कप्तान


२१ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी,

रविवारपर्यंत थांबवत नाही.

काल नाकतोडा घरी आली होती. संघाच्या चड्ड्या तिला ढगळ होतात, म्हणून मीच म्हटलं होतं की माझी आई शिवणकाम करते, ती आत घेऊन देईल. आई मशीनवर होती. पोरगी दारात आली, आईनं मान वर करून बघितलं, "ये गं" म्हणाली, चड्डी घेतली, खडूनं दोन रेघा मारल्या आणि कात्री चालवली.

मी बघतच राहिले. आईला तू ओळखतेस. उशीचा अभ्रा शिवायचा तरी ती उशीचं माप दोनदा घेते. आणि इथं टेपला हातसुद्धा लावला नाही.

"आई, माप?"

आईचा पाय मशीनवर थांबला. नाकतोडा पाणी प्यायला आत पळाली. ती थेट माठापाशी गेली, मावशी! माठ दाराच्या मागं आहे, नवख्या माणसाला तो सापडत नाही. चोराच्या मनात चांदणं, दोघींचीही तोंडं बघण्यासारखी झाली होती.

ती गेल्यावर मी आईला धारेवर धरलं. सगळं बाहेर आलं. शिबिर तू घेतलंस. तिथं ही तुला सापडली. शिबिर संपल्यावरही सुट्टीभर तू तिला रोज पहाटे शिकवलंस, आईनं तिला दोन चड्ड्या शिवून दिल्या, आणि मग तुझ्या कॉलेजात न घेता तू तिला आमच्याकडं पाठवलंस. वर दोघींना तंबी, 'ठकीला कळू द्यायचं नाही.'

मावशी, त्या सुट्टीत मी कुठं होते ते आठवतं का? मांडीचा स्नायू फाटला होता. पाय उशीवर, उशी खुर्चीवर, आणि बर्फाच्या पिशवीचं पाणी गादीत. रोज सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं तू आलीस. दूधवाला असायचा. आणि तू त्याच वेळी मैदानात दुसऱ्याच्या पोरीला नाड्या बांधायला शिकवत होतीस! माझ्या नाड्या!

आई म्हणते, "अगं, तुझ्यासाठीच केलं तिनं. चष्मा गेली, ठकीच्या हातात बॅटन नीट द्यायला कुणीतरी पाहिजे म्हणाली." वा! म्हणजे माझ्यासाठी मुलगी धाडलीस, दुकानातून सदरा धाडावा तशी. स्वतः यायला काय झालं होतं? प्रिन्सिपॉलशी तुझं भांडण झालं, मैदानाचा तुकडा गाड्या लावायला दिला म्हणून तू राजीनामा फेकलास, ठीक आहे, मी असते तर मीही फेकला असता. पण मला बरोबर नेलं नाहीस. 'भाचीला आणली म्हणून लोक नावं ठेवतील' असं आईला सांगितलंस, मला नाही. भाची असणं हा माझा गुन्हा झाला. तिचं बरंय, ती कुणाचीच कुणी नाही.

आणि एक विचारते. खरं सांग. तू तिला तिसऱ्या टप्प्यासाठी पाठवलंस, की शेवटच्या?

माझ्या पोटात दुखतंय असं म्हणशील. दुखतंयच. वैद्य नको.

ठकी


२६ नोव्हेंबर, रविवार

मावशी,

काल विभागीय स्पर्धा झाली. तू तुझ्या विभागात होतीस, त्यामुळे बातमी तुला उडत उडत कळली असेल. नीट कळावी म्हणून लिहिते.

पैलवाननं गोळ्यात पहिला नंबर घेतला आणि थाळीतही तिसरा. कशी टाकली ते तिलाही माहीत नाही. उंच उडीवालीचं आणि त्याचं शुक्रवारी भांडण झालं, तरी ती रडत रडत पात्र ठरली. रिले मात्र थोडक्यात बचावली. अंतिम स्पर्धेसाठी पात्र ठरलेल्यांत आपण सगळ्यांत शेवटी आहोत.

झालं ते असं. पहिल्या दोघींनी चांगलं काम केलं. नाकतोड्यानं वळण घेतलं, येता येता तिचा तोल गेला, ती अडखळली, माझ्या अंगावर आली आणि बॅटन देता देता जवळजवळ थांबलीच. मी ते तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. पुढं मी जीव तोडून पळाले म्हणून निभावलं. माझ्या टाचेवर तिच्या बुटाच्या स्पाइकचा ओरखडा आहे, आईला विचार.

सर चिडले. ते सहसा चिडत नाहीत, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही. नाकतोड्याला म्हणाले, "असा ऐनवेळी वेग कसा काय जातो?" ती म्हणाली, "माझं चुकलं सर. माझा अंदाज चुकला." सर आता विचार करतायत की अंतिम स्पर्धेत तिला बसवावं आणि राखीवमधली आणावी. राखीवमधली हळू आहे, पण अंगावर येणार नाही.

ही तू सुट्टीभर घडवलेली. गवंड्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

कप्तान


३० नोव्हेंबर, गुरुवार

मावशी,

तुझं पत्र आईच्या हाती मिळालं. तू गेल्यापासूनचं पहिलं पत्र. मी ते उघडण्याआधी हात धुतले, खोलीचं दार लावलं, पलंगावर बसले. वाटलं, आता काहीतरी असेल. सुट्टीबद्दल, माझ्या पायाबद्दल, खांद्यावरच्या त्या हाताबद्दल.

आत एक ओळ. 'खूण कुठं होती?'

खाली सहीसुद्धा नाही.

मी तो कागद चुरगळून फेकला, मग उचलला, मग पुन्हा फेकला. काय बाई आहेस तू! पान पान भरून मी इथं जळतेय आणि तुला पट्टीची पडलीय. तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि नेमकी शेळी हाकतेस.

होती तिथंच होती. चष्म्याच्या जागी.

बस्स? समाधान झालं? ती अडखळली नाही, मावशी. तोल तिचा गेला नाही. ती वळणावरून अशी आली की बाजूच्या लेनमधल्या पोरी उभ्या आहेत असं वाटावं. तिचा पाय खुणेवर पडला, मी सुटले, आणि माझं दुसरं पाऊल पडायच्या आत ती माझ्या पाठीवर होती. तिला थांबावंच लागलं, नाहीतर दोघी तोंडावर पडलो असतो. तिनं मला पाडलं नाही, हे तिचे उपकार. आणि हे मला आधीपासून कळत होतं. रोजच्या सरावात कळत होतं. पट्टी मागं सरकवायला वाकायचं म्हटलं की माझी कंबरच धरायची, कारण पट्टी मागं घेणं म्हणजे सगळ्या मैदानाला सांगणं की ही वेगवान आहे. चष्म्यापेक्षा. मग कुणीतरी हिशेब करणारच, माझ्यापेक्षाही.

तिला सगळं माहीत आहे. तू शिकवलेली आहे, तिला खुणेचं कळत नाही असं होईल का? तरी सरांपुढं 'माझं चुकलं' म्हणाली. मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडात तेव्हा पाणी होतं, ते मी बराच वेळ गिळलंच नाही.

सरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या दुपारी ते अंतिम स्पर्धेची नावं देणार आहेत. मी गप्प बसले तर ती बाहेर, शेवटचा टप्पा माझा, आणि कुणाला काही कळणार नाही. आता तुला कळलंय, म्हणजे झालीच पंचाईत.

तू विचारलंस ते बरं केलं नाहीस.

ठकी


१० डिसेंबर, रविवार

मावशी,

काल तू समोर होतीस, त्यामुळे निकाल लिहायची गरज नाही. पण रविवार आहे, आणि जे तुला स्टँडवरून दिसलं नाही ते लिहिते.

सरांना मी त्या शुक्रवारी सांगितलं. साहित्याच्या खोलीत, गादीच्या फाटक्या कोपऱ्यावर बसून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हॉलीबॉलमध्ये हे सोपं असतं हो, सगळे एकाच जागी उभे असतात." मग विचारलं, "मग शेवटी तिलाच पळवू या का?"

मी नाही म्हटलं. इतकी मी संत नाही. पट्टी हलवेन, तिला बसवू नका म्हणेन, तिची माफीसुद्धा मागेन, आणि मागितली, ती 'काय ताई, काहीतरीच' म्हणून पळून गेली. पण शेवटचा टप्पा सोडवला नाही.

काल शर्यतीआधी मी पट्टी काढली आणि मागं नेली. अजून मागं. बाजूच्या लेनमधली तुझी उंच मुलगी माझ्याकडं बघून हसली, तिला वाटलं मी वेडी आहे. मला वाटत होतं, आख्खं मैदान बघतंय. वर बघितलं तर सगळे केळी खात होते.

मग ती आली. मी खूण बघितली, तिचा पाय बघितला आणि सुटले. मागं बघितलं नाही. मला वाटलं, फार लवकर सुटले, आता ही मला गाठत नाही. तेवढ्यात "घे!" आलं, मी हात मागं टाकला आणि बॅटन तळहातात असं बसलं की ते आधीपासून तिथंच होतं असं वाटलं. चष्म्याबरोबर इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. मी सगळ्यांच्या पुढं होते, मावशी. तिनं मला पुढं आणून सोडलं होतं.

आणि मी ते घालवलं. तुझ्या उंच मुलीचा श्वास मला आधी ऐकू आला, मग तिचा खांदा दिसला, मग तिची पाठ. फीत तिच्या छातीनं तुटली. शेवटी नाकतोडा असती तर सोनं आमचं होतं. हे मला कळतं, सरांना कळतं, पैलवानला कळतं, तिनं तर नुसतं माझ्या पाठीत एक धपका घातला, तो अजून दुखतोय.

मी गवतावर बसले होते. तुझ्या पोरी तुला खांद्यावर घ्यायला निघाल्या होत्या आणि तू त्यांना बाजूला सारून आमच्या बाजूला पायऱ्या उतरत होतीस. आधी नाकतोड्याकडं गेलीस. तिच्या डोक्यावर हात ठेवलास. "छान पळालीस, बाळ," म्हणालीस. मी ऐकलं. मी नाडी सोडायला लागले, सुटलेली नाडी पुन्हा बांधली आणि पुन्हा सोडली.

मग तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस.

"ठके! शेवटी मान मागं कशाला टाकलीस? आभाळात काय वाढून ठेवलं होतं? किती वर्षं घसा फोडतेय मी? खांदे कानाला लावून कुणी पळतं का? आणि पट्टी आधीच हलवायला काय झालं होतं, हात झिजले असते? ऊठ! गवतावर बसू नकोस, पाय आखडेल. मांडीला बर्फ कुठंय? अहो सर, बर्फ कुठंय हिचा?"

पंच वळून बघायला लागले. तुझ्या मुली तोंडं उघडी टाकून बघत होत्या, त्यांनी तुझा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता वाटतं. सर बिचारे बर्फ आणायला स्वतः पळाले. मी खाली मान घालून उभी होते आणि आतून नुसती खूश होते. कारण 'छान' तू लोकांच्या मुलींना म्हणतेस. घरात कुणाला 'छान' म्हटल्याचं आईलासुद्धा आठवत नाही.

परतताना बसमध्ये नाकतोडा माझ्याशेजारी बसली. रुपेरी पदक मुठीत धरलेलं. मला वाटलं, आता ही शेवटच्या टप्प्याचं काढणार. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, सुट्टीभर शिकवलं त्यांनी मला. एकदासुद्धा अशा ओरडल्या नाहीत." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

ते तोंड मी ओळखते. हंगाम सुरू झाल्यापासून आरशात तेच बघतेय.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. अर्धा रस्ता नुसतं बरं वाटत राहिलं. पण मग तिच्याकडं बघवेना. मी तिला माझ्या पिशवीतलं सफरचंद दिलं, तर अर्धं तोडून मला परत दिलं.

पुढच्या वर्षी मी कॉलेजात नाही. शेवटचा टप्पा तिचा, सरांना सांगून ठेवलंय, आणि तिसऱ्या टप्प्याला कोण ते त्यांचं ते बघतील. येत्या रविवारी तू घरी ये. आईनं सांगितलंय, आणि मीही सांगतेय. तीपण येणार आहे, कालच्या धावपळीत तिची चड्डी उसवली. आलीस की तिलाही एकदा झाप. काहीतरी चूक सापडेलच, नाहीतर मी शोधून ठेवते. चांगली मोठ्यानं झाप, शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे.

पण माझ्याइतकी नको.

तुझी,
ठकी